पहिल्या मजल्यावरचं नादस्नान

"मेघना, त्याला सांग, चटई सरकव," पुष्कर सर म्हणाले.

त्याला म्हणजे निलेश सरांना. ते हातभर अंतरावर आडवे पडले होते.

"निलेश सर, जरा सरकता का?"

"त्याला सांग, मी आधी आलोय."

मेघनाने कपाळावर हात मारला. वर्षभर हेच! ऑफिसच्या सत्यनारायणाला पुष्कर सर सकाळपासून उपाशी, सोवळं नेसून तयार, आणि ऐनवेळी पूजेला बसले निलेश सर, तेही जोडीने. तेव्हापासून हिशेब खातं आणि विक्री खातं यांच्या साहेबांचा अबोला. निरोप कोणी पोचवायचे? तर मेघनाने. एचआरमध्ये घेतलेली, अजून प्रोबेशनवर.

कंपनीच्या मालकीणबाई दीपिका मॅडम. त्यांनी साफ सांगितलं होतं, "सहलीत ह्या दोघांचं एका तरी गोष्टीवर एकमत करून दाखव. पर्मनंटचं पत्र त्याच दिवशी देते. नाहीतर दुसरीकडे बघ." मेघनाच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

म्हणून तिने सहलीत नादस्नान घातलं. डोळे मिटून पडायचं, श्रेया नावाची बाई काशाच्या वाट्या वाजवणार, मनं शांत होणार. लालबागचा हा हॉलही तिनेच डिसेंबरात येऊन ठरवलेला.

"ही तर तळपायाला तूप चोळायची वाटी," पुष्कर सर छताकडे बघत म्हणाले.

"प्लीज सर, बोलू नका ना!"

श्रेयाने वाटी वाजवली. "आता खोल श्वास घ्या."

सगळ्यांनी घेतला. आणि नेमका तेव्हाच खालचा मसाला कुटायचा डंख सुरू झाला. एप्रिल महिना, घरोघरच्या मिरच्या आलेल्या! खिडकीतून तिखटाचा लोट आत घुसला. अख्खं ऑफिस शिंकायला लागलं.

"खिडक्या लावा!"

"अगं बाई, पंखा बंद कर आधी!"

श्रेयाने वाट्या पिशवीत कोंबल्या आणि जिना गाठला. मेघनाला रडूच कोसळलं. गेली नोकरी!

मग तिचं लक्ष गेलं. निलेश सरांना जोरात ठसका लागला होता आणि पुष्कर सर त्यांची पाठ चोळत होते.

"पाणी घे रे, निल्या. हळू."

"तुझे डोळे बघ, पुष्क्या. टोमॅटो झालेत नुसते!"

दोघं हसत सुटले. पाठोपाठ गॅलरीत गेले आणि डोकी जवळ आणून बराच वेळ बोलत राहिले.

मेघना धावतच मॅडमकडे गेली. "मॅडम, बोलले! एकमेकांशी बोलले!"

"काय सांगतेस!" नाकाला पदर लावलेल्या मॅडम ताडकन उठल्या.

तेवढ्यात दोघं आत आले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"मॅडम, एका गोष्टीवर आमचं पक्कं एकमत झालंय," निलेश सर म्हणाले.

मेघनाने डोळे मिटून हात जोडले. बाप्पा, पावलास रे!

"बोला," मॅडम म्हणाल्या.

पुष्कर सरांनी रुमालाने डोळे पुसले.

"ह्या मुलीला आधी काढा."