बारा नंबरची नळी

बारा नंबरच्या नळीचा आकडा तिसऱ्यांदाही चढाच आला, तशी टेक्निशियन दीपमाला मशीनवरच उखडली. "मशीनच बिघडलंय सर. धडधाकट लेकराच्या रक्तात हे कसं काय निघंल?"

चिकलठाण्याच्या त्या लॅबमध्ये लहान मुलांच्या मधुमेहावर संशोधन चालायचं. आपलंच रक्त इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या मुळावर उठलंय का, हे तिथं नळीतल्या आकड्यावरून, आजार दिसायच्या आधीच कळायचं. तुलनेला वीस निरोगी मुलं हवी होती. पण सुई टोचायला आपलं लेकरू कोण देणार? शेवटी स्टाफनंच ओळखीपाळखीतून ती जमवली. नळीवर नाव नसायचं, नुसता नंबर.

"बाकीच्या एकोणीस नळ्या चोख आल्यात," लॅबचे प्रमुख सोमनाथ सर म्हणाले. "मशीनला कशाला बोल लावता?"

"मग माझाच हात चुकला असंल. अजून एकदा लावते ना सर."

"दहा वर्षांत तुमचा हात कधी चुकला नाही, बाई." सरांचा आवाज खाली आला. "हे लेकरू आजारी पडणार आहे. घरच्यांना आजच सांगायला पाहिजे."

"आज नको सर. उद्या सांगू."

सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रजिस्टर ओढलं, बारा नंबरपुढं लिहिलेला आईचा मोबाइल नंबर बघितला आणि टेबलावरच्या फोनवरून लावला.

दीपमालाच्या एप्रनच्या खिशात रिंग वाजायला लागली.