डोलीतली सुनावणी

माळावरचं चराईचं रान खोताचं की सगळ्या वाडीचं, याची चौकशी होती. चौकशीचे साहेब पोलादपुराहून डोलीत बसून डोंगर चढत होते. डोली वाहायची वेठ कुळांवरच. पुढचा दांडा भागोजीच्या खांद्यावर होता, आणि वर गेल्यावर वाडीच्या वतीनं बोलायचंही त्यालाच होतं.

खोत डोलीला लगटून चालत साहेबांचे कान भरत होते. "एक नंबरची लबाड माणसं, साहेब. यांची गुरं तिथं कधी चरलीच नाहीत."

भागोजीनं तोंड उघडलं, तसे साहेब खेकसले, "खाली बघून चाल! मला दरीत टाकतोस काय?"

वर खोताच्या ओटीवर चौकशी बसली. भागोजी हात जोडतो न जोडतो, तोच साहेबांनी रान खोताचं म्हणून लिहून कागद मिटले. "खोतांचं सगळं म्हणणं तुझ्यादेखत झालं. तेव्हा का गप्प राहिलास?"

परतताना खोत बरोबर नव्हते. अर्ध्या उतरणीवर भागोजीनं सोबतच्या तिघांना खुणावून डोली जमिनीला टेकवली. "आता आमचं ऐका, सायेब."

"खोतांच्या माघारी?" साहेब कडाडले. "एक शब्द ऐकणार नाही. हा काय न्याय झाला?"

भागोजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तो शांतपणे धोंड्यावर बसला आणि त्यानं चंची सोडली.

"बरोबर हाय. मग उतरा, नी चढून जाऊन खोताला घेऊन या. आमी हितंच हाव."