पथ्य सुटलं
मारुतरावांच्या किडन्या निकामी झाल्यापासून डॉक्टरांनी जास्त पोटॅशियमचं खाणं बंद केलं होतं. घराभोवती स्वतःचं टोमॅटोचं शेत, पण धुरपदाबाईंनी दोन वर्षांत नवऱ्याला एक फोडही दिली नव्हती. भाजीसुद्धा त्या उकळून, पाणी ओतून देऊन फोडणीला टाकायच्या. "एका फोडीनं काय व्हतंय?" ते विचारायचे. "हृदय बंद पडतंय म्हणत्यात," एवढंच त्या सांगायच्या. सोमवारी शिरूरला डॉक्टरांनी धुरपदाबाईंना एकट्यांनाच आत बोलावलं. "शरीर आता डायलिसिस सोसत नाही. घरी न्या. मागतील ते खाऊ द्या." बाहेर मारुतराव बाकावर वाट बघत होते. "काय म्हणले?" "पथ्य सुटलं तुमचं." मारुतराव कितीतरी दिवसांनी हसले. "म्हंजी बरा व्हायला लागलो की. आज टोमॅटोची चटणी कर." "व्हय," त्या म्हणाल्या. दुपारी शेतात वाकून त्यांनी ओटीभर टोमॅटो तोडले, पण घराकडे पाय वळेना.