सुंदरबाईची जन्मतारीख

"जन्म काय टाकू, नाना?" हिलाल पेंटरनं कुंचला रंगात बुडवत विचारलं.

धुळ्यात देवपुरातल्या शाळेच्या कुंपणाबाहेर सिमेंटचा बाक उन्हात मांडला होता. पाठीवर निळी अक्षरं उमटली होती. कै. सुंदरबाई लोटन देवरे यांच्या स्मरणार्थ. परवा वर्षश्राद्ध होतं. त्याआधी बाक गावच्या स्टँडवर बसवायचा होता. मृत्यूची तारीख लोटननानांनी न विचारता सांगितली होती. जन्माची जागा तेवढी कोरी होती.

"आधार कार्डावर एक जानेवारी १९६० शे. तेच टाकतो," हिलाल म्हणाला.

"ते नको."

"का? माझ्या मायची पण एक जानेवारीच शे. आपल्या गल्लीतल्या बठ्ठ्या म्हाताऱ्या एकाच दिवशी जन्मल्या. त्या दिवशी सुईणीला भाकर खायलाही फुरसत मिळाली नसेल."

नाना हसले नाहीत. ती तारीख त्यांचीच देणगी होती. गावात आधारचा कॅम्प आला तेव्हा मशीनवरच्या माणसानं बाईचं वय विचारलं. लग्नात सासऱ्यानं सांगितलं होतं, पोरगी अठराची आहे. लग्न अठ्ठ्याहत्तर सालचं. अठ्ठ्याहत्तरातून अठरा गेले, साठ उरले. दिवस माहीत नव्हता, तो मशीननं घातला. सुंदरबाई शेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिला कोणी विचारलं नाही.

घरात तिच्या नावावर काहीच नव्हतं. शेत नानांचं, घर नानांचं, आडनावही नानांचं. ती गेल्यावर वर्षभर नाना एकटे जेवले, आणि जेवताना त्यांना हेच आठवत राहिलं. बाकावर निदान दिवस तरी तिचा स्वतःचा असावा, एवढंच आता त्यांना हवं होतं.

आणि तो दिवस सापडण्यासारखा होता. सासू नेहमी सांगायची, नेहरू गेले त्याच दिवशी माझी सुंदर झाली. दुकानं बंद झाली, बाळंतिणीला गूळसुद्धा मिळाला नाही. सुंदरबाई स्वतः त्यावर हसायची. म्हणायची, "मी जन्मले आणि बठ्ठा देश रडला."

नानांचा पुतण्या भूषण याच शाळेत मास्तर होता. रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम त्याच्याकडे होतं. मधल्या सुट्टीत तो आपली जाड वही घेऊन कुंपणापाशी आला. नानांनी विचारलं तशी त्यानं पानं उलटली.

"हं, सत्तावीस मे. १९१०, क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांचं निधन. १९३५, रमाबाई आंबेडकर यांचं निधन. १९३७, अमेरिकेत गोल्डन गेट पूल..."

"पूल राहू दे रे. नेहरू सांग."

"सत्तावीस मे, १९६४."

नानांचा चेहरा उजळला. वर्षभरात पहिल्यांदाच. "सत्तावीस मे," ते हिलालला म्हणाले. "टाक. सासू खोटं बोलत नव्हती."

हिलालनं दिवस लिहिला. महिना लिहिला. मग कुंचला थांबला.

"साल चौसष्ट टाकू? मग साठचं काय?"

"साठ मी धरलं होतं. चौसष्टच खरं. अठ्ठ्याहत्तरात लग्न, म्हणजे..." नाना बोटांवर मोजू लागले.

"चौदा," भूषण सवयीनं बोलून गेला.

"लग्न वैशाखातलं. अक्षय तृतीयेचं. सत्तावीस मे यायचा होता."

"मग तेरा," भूषण म्हणाला, आणि वहीत बघत राहिला.

शाळेची घंटा झाली. भूषण आत गेला नाही.

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे पुढल्या वर्षीची अक्षय तृतीया. सुंदरबाई माहेरी गेली होती. नाना बैलगाडी घेऊन आणायला गेले, तर ती कडुलिंबाच्या झोक्यावर. उतरेना. दोर दोन्ही हातांना गुंडाळून बसली. नानांनी तिचं एकेक बोट सोडवलं होतं. सगळी आळी हसली होती, नानाही हसले होते. सासरी यायला किती नखरा, म्हणून हा किस्सा त्यांनी पुढे दर लग्नात, दर पंगतीत सांगितला होता.

मग पहिली मुलगी. मेलेलीच जन्मली. धुळ्याच्या दवाखान्यात नर्सनं बाईचं वय विचारलं. नाना म्हणाले, वीस. नर्सनं खाटेकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि कागदावर वीस लिहिलं. ती अशी का बघत होती, ते नानांना तेव्हा कळलं नव्हतं.

ते बाकाच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

हिलाल हळू आवाजात म्हणाला, "नाना, साल राहू द्या. नुसता दिवस ठेवू. नाहीतर साठ करतो, कोणाला काय कळतं?"

नानांनी मान आडवी हलवली.

"तुमचं आणि माझ्या आबाचं लग्न एकाच मांडवात झालं. ते साल बठ्ठ्या गावाला माहीत शे. बाक स्टँडवर राहणार. चौसष्ट टाकलं तर लोक बसतील, वाचतील, गणित करतील."

"चौसष्ट टाक," नाना म्हणाले. "मांडवात जेवताना कोणी केलं नाही. मी पण नाही. आता बाकावर बसून करू दे."