दोन-दोन बॅकअप

‘पुढे गेल्यास सगळं कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?’ संगणकाने विचारलं. छायाने बेधडक ‘हो’ दाबलं.

सकाळपासून त्या यंत्राने तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. सुरू व्हायचं, दुरुस्ती चालू आहे म्हणायचं, काळं पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. बिघाड झाला तर यंत्राने स्वतःला सावरावं म्हणून जी सोय आत दिलेली असते, तीच बिघडली होती. वैद्यच अंथरुणाला खिळलेला, मग नाडी कोण बघणार? शेवटी तिच्या कॉलेजचा मित्र प्रसेनजित फोनवरून म्हणाला, “आता सगळं पुसून नव्यानं टाकनं, हाच इलाज. बॅकअप हाये ना पन?”

“दोन-दोन हाये,” छाया तोऱ्यात म्हणाली.

तोरा उगाच नव्हता. कॉलेजात एकदा वर्षभराचं काम असंच उडालं, तेव्हापासून ती ताकही फुंकून पिऊ लागली होती. एक काळी डबी, म्हणजे हार्ड डिस्क, तिच्या कपाटात आणि तशीच दुसरी लोणारला मामाकडे. बुलढाण्याच्या घराला आग लागली तरी लोणारचं शाबूत राहील, असा चोख बंदोबस्त.

डबीत काय होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचा आवाज. मोतीराम आत्ता समोरच बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. गळ्याला पांढरं फडकं. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, त्याआधी छायाने त्यांना रोज मोबाइलसमोर बोलतं करून सगळं टिपून ठेवलं होतं. भाजीबाजारातली त्यांची आरोळी, शेजाऱ्याच्या बकरीला घातलेल्या शिव्या, अजून न जन्मलेल्या नातवंडांसाठी सांगितलेल्या गोष्टी. मोबाइल भरला तेव्हा तिथलं काढून तिने सगळं संगणकावर घेतलं. संध्याकाळी जेवणं झाली की त्यातलं एखादं लागायचं आणि आपल्याच विनोदावर मोतीराम बिनआवाजाचं खदखदून हसायचे.

नवं सगळं बसलं. छाया कपाटाशी गेली. डबी जागेवर नव्हती.

“आई, माही काळी डबी कुठी हाये वं?”

“देवघरात,” अन्नपूर्णाबाई चुलीपासून म्हणाल्या.

डबीवर हळदकुंकू होतं, एक वाळलेलं झेंडूचं फूल होतं. छायाला हसूच आलं. तिने डबी संगणकाला जोडली. दिवा लागला नाही. तिने वायर बदलली, जागा बदलली, तरी नाही. मग तिने डबी उजेडात धरली. कडेच्या फटीत पांढरट काहीतरी वाळून बसलं होतं.

“आई, हे धुतलं का तू?”

“मंग? खांडेनवमीले खुरपे, विळे, फवारनीचा पंप, सारे हत्यारं धुतले. हे तुह्या कामाचं हत्यार, याले त दुधापान्यानं धुतलं. तूच म्हने ना, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू हाये म्हनून!”

छायाने डबी खाली ठेवली. पण लोणार होतं. तिने पुष्पांजली मामीला फोन लावला.

“हाव माय, हाये ना तुही डबी,” मामी म्हणाली. “देवापाशीच हाये.”

“देवापाशी काऊन?”

“काऊन म्हंजे? तुह्या आईनं फोन करून सांगतलं होतं, छायाच्या वस्तूची पूजा चुकवू नोको. मी त पंचामृतानं न्हाऊ घातलं तिले.”

आग, पूर, चोर, सगळ्याचा विचार छायाने केला होता. खांडेनवमी दोन्ही घरी एकाच दिवशी येते, हे तेवढं राहून गेलं होतं. मामी पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली.

तिने प्रसेनजितला सांगितलं. “पुन्याले दुरुस्तीले धाडून पाहू डब्या,” तो म्हणाला. “पन धरून चालू नोको. अन पुसायच्या आधी त्या उघडून पाह्यल्या नाही का तू?”

नव्हत्या पाहिल्या. आईवर ओरडायला उघडलेलं तोंड छायाने मिटलं. घरातला शेवटचा चालू आवाज तिने स्वतःच्या बोटाने पुसला होता.

अन्नपूर्णाबाई हातातलं उलथनं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकीचा चेहरा बघून त्यांचाही उतरला. “काय झालं वं? तुह्या बाबाचा आवाज त हाये ना?”

छायाने मान हलवली. नाही.

“मी धुतला?” त्या मटकन खाली बसल्या. “म्या माह्या हातानं धुतला वं माय!” आणि कपाळावर हात मारून घेऊ लागल्या. छायाला रडूही येईना. ती नुसती त्या नव्या, कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

मोतीरामांनी मेथीची जुडी खाली ठेवली. बाजेवरून उठून ते बायकोसमोर उकिडवे बसले. तिचा कपाळावर आपटणारा हात त्यांनी धरला, तोंडावरचा पदर बाजूला केला. मग त्यांचे ओठ हलले. लग्न झाल्यापासून बांधावरून, बाजारातून, अंगणातून ते जशी हाक मारायचे तसेच. अवं. हवा गळ्याच्या भोकातूनच निघून गेली, फडकं तेवढं हललं.

अन्नपूर्णाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

“ओ,” त्या म्हणाल्या.