लिंबानीचा फोन

“यादीतून या फोनचा नंबर काढला, अमायी,” तमांडा म्हणाली. “आता तुमच्यामागची कटकट संपली.”

उकडलेल्या रताळ्यांची ताटली अमायींनी तिच्यापुढे सरकवली आणि कोनाड्यातल्या फोनकडे पाहिलं. काचेला तडा गेलेला तो फोन चार्जरला लावलेला होता. कायमच असायचा.

अमायी म्हणजे आई; सगळे त्यांना तसंच म्हणायचे. फोन त्यांच्या मुलाचा, लिंबानीचा. ब्लांटायर शहराच्या आसपासच्या दवाखान्यांसाठी लिंबानीने एक ॲप बनवलं होतं. कुठल्या दवाखान्यात कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे, ते नर्सना त्यावर लगेच दिसायचं. ॲप भाड्याच्या सर्व्हरवर चालायचं. कधी रेंगाळायचं, कधी बंदच पडायचं. बंद पडलं की आपला फोन वाजावा, एवढीच सोय लिंबानीने करून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात झोम्बाच्या रस्त्यावर मिनीबस उलटली आणि लिंबानी गेला. फोन मात्र वाजत राहिला. ते बदलायला हवं असं त्याच्या ऑफिसात कुणाला वाटलंच नाही, कारण फोन वाजला की अमायी कळवायच्या, “पोरांनो, तुमचं ते पुन्हा आजारी पडलंय बघा.”

“आपली सगळी यंत्रणा म्हणजे लिंबानीची आई,” ऑफिसचे गोंद्वेसाहेब हसत म्हणायचे. “कायम जागी, आणि रजासुद्धा मागत नाही!”

तमांडाला ते हसणं लागायचं. ॲपचं काम तिच्याकडे आलं, तसं तिने सगळं नीट बसवायला घेतलं. ॲप उघडायला किती वेळ लागतो, सर्व्हरवर किती भार आहे, याचे आलेख ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर झळकू लागले. बंद पडायची वाट न बघता, रेंगाळायला लागलं की लगेच इशारा यावा, अशी मर्यादा तिने घालून दिली. इशारे तिच्या आणि साहेबांच्या फोनवर येणार होते. लिंबानीचा नंबर तिने पुसला. गेलेल्या मुलाच्या फोनने या बाईला वेळी-अवेळी का दचकवावं? हे सांगायलाच ती न्दिरांदे वस्तीचा चढ चढून त्यांच्या घरी आली होती.

“लिंबानी असता तर त्यानेच—” तमांडा बोलू लागली.

“हळू!” अमायींनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर लिंबानीचे वडील खुर्चीच्या पायावर रंधा मारत बसले होते. “त्यांच्या कानावर नाव नको जाऊ देऊस. माती देऊन परतलो, त्याच दिवशी बजावलंय त्यांनी, या घरात ते नाव पुन्हा काढायचं नाही. सोसत नाही गं त्यांना. कपडे वाटून टाकले. फोटो भावाकडे दिला.”

“आणि फोन?”

“तो कामाचा, म्हणून राहिला.”

तमांडाने लॅपटॉप उघडला. “हे बघा, आता कसं वाजतं ते,” म्हणत तिने एक खोटाच इशारा पाठवला. तिच्या हातातला फोन खणखणला. अमायी अर्धवट उठल्या, आतल्या खोलीकडे वळल्या. मग कोनाड्यातला फोन गप्पच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्या खाली बसल्या.

“चांगलं वाजतं तुझं,” त्या म्हणाल्या. मग कोनाड्याकडे बोट केलं. “पोरी, याच्यावर वाजवशील? एकदाच?”

म्हातारीला खात्री करून घ्यायची असेल, असं तमांडाला वाटलं. तिने नंबर पुन्हा यादीत घातला आणि बटण दाबलं.

कोनाड्यातला फोन थरथरत वाजू लागला. अमायींनी त्याला हात लावला नाही. आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून त्यांनी गळा मोकळा करून हाक मारली, “लिंबानी! ए लिंबानी! ऊठ रे राजा, तुझं काम आलंय!”

ओट्यावरचा रंधा थांबला. फोन शांत झाला, तसा रंधा पुन्हा सुरू झाला.

“तो होता तेव्हाही झोपेतून त्याला मीच उठवायचे,” अमायी अंगावरच्या कापडाने डोळे टिपत हळूच म्हणाल्या. “फोन वाजला की हे रागवत नाहीत. तेवढी एक हाक मारू देतात.”