दोन की बारा

“कारखान्याच्या जागेचा भाडेकरार दोन वर्षांनी संपतोय. पुढे दहा वर्षं वाढवून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. वाढवणार का?” ऑडिटरबाईंनी विचारलं.

“छे! दोन वर्षांनी कुलूप,” कारखान्याचे मालक म्हणाले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने मान खाली घातली. खोक्यांचा हा कारखाना पुढे आपण चालवावा, असं तिच्या फार मनात होतं. तिने विषय काढला की बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. शेवटी तिने दुसरीकडे मुलाखत दिली. तिथे आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

करार वाढवणार म्हटलं असतं, तर पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं आजच देणं म्हणून ताळेबंदात चढलं असतं. नवा नियमच तसा. ‘नाही’ म्हटलं की काम सोपं. पण बाई नुसत्या शब्दावर जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. “जागा दाखवा,” म्हणत त्या उठल्याच.

आत पुठ्ठा कापायचं नवं मशीन होतं. मुलगी मुलाखतीला गेली त्या दिवशी आलेलं, अजून ताडपत्रीखाली झाकलेलं. बाईंनी वाकून पाहिलं. फरशी फोडून, काँक्रीटचा पाया घालून ते बसवलं होतं.

“दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप?”

“स्वस्तात मिळालं,” मालक पुटपुटले.

बाईंनी ताडपत्री ओढली. मुलगी बघतच राहिली. जुन्या मशीनचं हँडल उजवीकडे होतं. ती डावखुरी, इतकी वर्षं त्याच्यापुढे वाकडी उभी राहून राबत होती. खांदा दुखतो म्हटलं की बाबा खेकसायचे, “मशीन काय तुझं माप घेऊन बनवतात?”

या मशीनचं हँडल डावीकडे होतं.

“बाबा, मग नाही का म्हणालात?”

“एवढं देणं तुझ्या गळ्यात कसं घालू?” मालक म्हणाले. “मशीन मात्र आणल्यावाचून राहवलं नाही.”

मुलीने डाव्या हाताने हँडल धरलं. पहिल्यांदाच ती तिथे ताठ उभी राहिली. डोळे भरून आले होते, तरी आवाज स्वच्छ निघाला.

“बारा वर्षं धरा, बाई.”

“तसं नाही चालत,” बाई म्हणाल्या. “हे मालकांनी सांगायला हवं.”

“मालकांनीच सांगितलं की आत्ता,” मुलीकडे बोट दाखवत तिचे बाबा म्हणाले.